कड खाल्लेलं नाणं

“घासलेलं आहे,” सदाशिव सर म्हणाले, आणि नाणं तनुजाच्या हातात देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

तनुजाला वाईट वाटलं नाही. उलट डोक्यावरचा भारा उतरल्यासारखं झालं. या नाण्यापायी तिच्या धाकट्या भावानं, सत्यमनं, तिला जेरीस आणलं होतं. त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. पाच रुपयांच्या जुन्या जाड नाण्याची कड जर चंद्रकोरीसारखी खाल्लेली असेल तर ती टांकसाळीची चूक असते, आणि अशा चुकीपायी शौकीन लोक लाखांनी पैसे मोजतात, असं त्या व्हिडिओतला माणूस छातीठोकपणे सांगत होता. सत्यमला लगेच आठवलं की असं नाणं आपल्या आबांकडे होतं.

आबा म्हणजे त्यांचे वडील, शेंद्र्याचे फकिरा. त्यांच्या कमरेला पान-तंबाखूची चंची असायची आणि चंचीच्या सुपारीच्या कप्प्यात ते नाणं. ते खर्चायचं नाही आणि कुणी खेळायला घ्यायचं नाही, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. का ते कुणी विचारलं नाही. आबा गेले तेव्हा आईनं ती चंची तनुजाला दिली. तनुजा सासरी गारखेड्यात, नवरा कारखान्यात पाळीवर; तिनं चंची कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. तंबाखूचा वास साड्यांना लागला तरी तिनं ती हलवली नव्हती.

तर त्या चंचीतलं नाणं काढून, सत्यमला बरोबर घेऊन, ती आपल्याच गल्लीतल्या सदाशिव सरांकडे गेली होती. सर कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. माणूस इतका भिडस्त की रस्त्यात ओळखीचं कुणी दिसलं तर चप्पल नीट करायच्या निमित्तानं खाली वाकायचा. पण नाण्यांतलं त्यांच्याइतकं जाणणारा शहरात दुसरा नाही, असं लोक म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी भिंग लावलं, नाणं फिरवलं, खाल्लेल्या कडेच्या बरोबर समोरची कड पाहिली आणि भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, “राहू द्या माझ्याकडे. आठवडाभरानं सांगतो.” सत्यम परतताना अर्ध्या हवेत होता. काहीच नसतं तर म्हाताऱ्यानं ठेवून कशाला घेतलं असतं, असं तो तनुजाला रस्ताभर सांगत होता.

आणि आज सरांनी ते घासलेलं निघाल्याचं सांगितलं. एरवी ते तोंडातल्या तोंडात बोलत, नाण्याविषयी बोलताना मात्र त्यांचा आवाज जरा मोकळा होई. पोळी लाटून वाटीनं पुऱ्या कापतो, तशा टांकसाळीत धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात. पट्टी पुढं सरकायची राहिली तर पुढची चकती आधीच्या भोकावर पडते आणि घास घेतल्यासारखी निघते. ती खरी चूक. पण त्यानंतर चकतीची कड उभी करायला तिला सगळ्या बाजूंनी दाबतात, तेव्हा तुटक्या बाजूला रेटा मिळत नाही, म्हणून तिच्या बरोबर समोरची कडसुद्धा बसकीच राहते. “इथं अंगठा फिरवून पाहा,” सर म्हणाले. तनुजानं फिरवला. समोरची कड चांगली उभी आणि भरीव होती. घासाजवळचं अक्षरही सुरीनं कापावं तसं तुटलेलं होतं; चकती मुळात तुटकी असती तर अक्षर तिथं ओढल्यासारखं, पातळ होत गेलेलं दिसलं असतं. थोडक्यात, नाणं टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडलं आणि मग कुणीतरी दगडावर किंवा कानशीवर त्याची कड घासली. आता किंमत पाच रुपये, आणि तीही दुकानदार भला असेल तर.

“बरं झालं,” तनुजा म्हणाली. ती मनापासून म्हणाली. लाखांची गोष्ट मिटली, आता आबांचं नाणं परत सुपारीच्या कप्प्यात जाईल असं तिला वाटलं.

रविवारी ती शेंद्र्याला गेली. आई, चतुराबाई, ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्यम मोटारसायकल पुसत होता. तनुजानं सरांनी सांगितलं ते सगळं सांगितलं, पुऱ्यांचंही, आणि नाणं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उन्हात धरलं. आलटून पालटून पाहिलं. मग फडकं खांद्यावर टाकून तो म्हणाला, “हे ते नाणं नाय.”

तनुजाला आधी हसू आलं. मग तिनं त्याचा चेहरा पाहिला.

त्यानं पहिल्या दिवशी मोबाइलवर नाण्याचा फोटो काढला होता, तो तिनं दाखवायला लावला. फोटोत तोच घास, तीच चंद्रकोर. सत्यमनं मान हलवली. घास सारखा असणारच की, तो म्हणाला. फोटोतलं नाणं जरा पांढरं दिसत होतं आणि हातातलं काळपट. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत सगळंच पांढरं दिसतं हे तिनं सांगून पाहिलं. तो ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

“तूच म्हणतीस ना, कानशीनं घासल्यालं हाय म्हणून? मग एक घासता येतं तर दुसरं घासता येत नाय व्हय? त्या म्हाताऱ्यानं आठवडाभर ठेवून घेतलं कशाला? खरं काढून ठेवलं आन् तसंच दुसरं घासून तुझ्या हातात दिलं. आता तुला फसवलं का तुम्ही दोघांनी मिळून मला, ते तुझं तुला ठाऊक.”

तनुजाच्या अंगाची आग झाली. नाणं घासलेलं आहे हे ती जितकं पटवून देईल, तितकं ते बदललेलं आहे हे त्याला जास्त पटत होतं. सरांनी सांगितलेली एकेक खूण त्याच्या तोंडी जाऊन तिच्याविरुद्धची साक्ष होऊन परत येत होती. ती आवाज चढवून बोलायला लागली. तोही. शेजारची बाई भिंतीपलीकडून भांडी घासायची थांबली ते दोघांनाही ऐकू आलं.

“आई, तू सांग,” तनुजा म्हणाली. “आबांचं नाणं हेच ना? तू तर रोज बघत होतीस.”

चतुराबाईंनी मान वर केली नाही. शेंगेतून दाणे काढून त्यांनी टोपल्यात टाकले. “मला काय कळतंय त्यातलं,” त्या म्हणाल्या.

“कळायचं काय आहे? हे आहे का नाही?”

“एवढं बारकं कुठं दिसतंय आता मला.”

सत्यमनं नाणं ओसरीच्या कठड्यावर ठेवलं, तिच्या हातात दिलं नाही. “खरं नाणं घेऊन ये,” तो म्हणाला. “त्याच्याबिगर या दारात पाय ठेवू नको.” हे तो ओरडून बोलला असता तर तिनं मनावर घेतलं नसतं. लहानपणापासून तो ओरडतच आला होता. पण हे वाक्य तो हळू बोलला, आणि मग परत मोटारसायकलची चाकं पुसायला लागला.

स्कूटरवरून शहराकडे परतताना चिकलठाण्यापर्यंत तनुजाला रस्ता दिसत होता की नव्हता, देव जाणे. एका ट्रकवाल्यानं तिला शिवी दिली, ती तिला घरी आल्यावर आठवली. बहीण असून चोर. आबांच्या आजारपणात रात्र रात्र जागली होती ती, आणि तिनं आबांचं नाणं विकून खाल्लं? बरं, खाल्लं असतं तर निदान तोंडाला चव तरी लागली असती. आणि आईला बारकं दिसत नव्हतं, तर तुरीतला किडका दाणा ती बोटानं बाजूला कसा काढत होती?

ती घरी गेली नाही. गाडी तिनं सरळ सरांच्या फाटकाशी उभी केली.

सर पुस्तक वाचत बसले होते. त्यांच्या बायकोनं, यमुनाबाईंनी, दार उघडलं आणि तनुजाचा चेहरा पाहून पाण्याचा तांब्या आणायला त्या आत गेल्या. तनुजा बसली नाही.

“सर, एकच विचारते. ते नाणं घासलेलं आहे, हे तुम्हाला कधी कळलं?”

सरांनी पुस्तकात बोट घातलं. “तसं... पाहिलं तेव्हाच.”

“म्हणजे पहिल्याच दिवशी? सत्यम इथं, या खुर्चीवर बसला होता तेव्हा?”

“बहुधा... हो.”

“मग आठवडाभर ठेवून कशाला घेतलं?”

सरांनी जे सांगितलं ते ऐकताना तनुजाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. लोक नाणं घेऊन येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा असते की तोंडावर नाही म्हणायला त्यांची जीभ उचलत नाही. म्हणून ते नाणं ठेवून घेतात. टेबलाच्या खणात ते नुसतं पडून असतं. आठवड्यात माणसाची आशा आपोआप निवते, कुणी कुणी तर विसरूनही जातं, आणि मग नाही म्हटलेलं फारसं लागत नाही. इतकी वर्षं ते असंच करत आले होते. आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

“म्हणजे नाणं आठवडाभर तपासलं नाही. नुसतं खणात ठेवलं.”

“तपासण्यासारखं काही नव्हतंच हो त्यात.”

“त्या वेळी, त्याच्यासमोर, त्याचा अंगठा धरून त्या कडेवरून फिरवला असता तर त्याला कळलं असतं. तुमच्या भिडेपायी मी चोर झाले, सर. माझा भाऊ मला म्हणतोय, तू आणि त्या म्हाताऱ्यानं मिळून नाणं बदललं. माझं माहेर बंद झालं. हे तुमच्या खणात बसतंय का, बघा.”

सरांनी पुस्तक मिटलं. मी तुमच्या भावाला लिहून देतो, सही करून देतो, असं ते पुटपुटले. तनुजा म्हणाली की चोराच्या साथीदारानं सही करून दिलेला कागद तो चुलीत घालेल. पाण्याचा तांब्या घेऊन यमुनाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याची बाजू घेतली नाही.

“सांगून सांगून थकले मी,” त्या म्हणाल्या. “ह्यांना भाजीवाल्याला नको म्हणता येत नाही. दोन माणसांत किलोकिलो दोडकी खातोय आम्ही. पण भाजी वेगळी नि माणसांचे संबंध वेगळे, एवढं तरी कळायला हवं होतं.”

तनुजा पाणी न पिता घरी गेली.

संक्रांत आली. दरवर्षी आई शेंद्र्याहून तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी आणि गुळाच्या पोळ्या सत्यमच्या हाती पाठवायची. या वर्षी काही आलं नाही. तनुजानं आईला फोन केला तर तो वाजून वाजून बंद झाला. बायका वाणाला आल्या, तेव्हा एकीनं सहज विचारलं, माहेरून काय आलं. तनुजानं हसून काहीतरी सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅसची शेगडी उगाचच इतक्या जोरानं पुसली की बर्नरची चकती निसटून खाली पडली. नवरा म्हणायचा, सोडून दे, पाच रुपयांचं नाणं ते. ती म्हणायची, तुम्हाला कुणी चोर म्हटलंय का कधी? मग तो पांघरूण ओढून घ्यायचा. पाळीवरून आलेल्या माणसाशी किती भांडणार, म्हणून तीही दिवा मालवायची, आणि राग आत तसाच खदखदत राहायचा.

आणि मग एक दिवस सत्यमचाच फोन आला. आवाज लोण्यासारखा.

“ताई, चुकलो मी. नाणं तेच हाय. एकदम अस्सल.”

ओसरीच्या कठड्यावर ठेवलेलं नाणं त्यानं फेकलं नव्हतं. शहरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं तो ते घेऊन गेला. राजेंद्र नावाचा कोटवाला माणूस तिथं तपासणीला बसला होता. त्यानं भिंगातून पाहिलं न पाहिलं आणि उठून सत्यमला मिठीच मारली. टांकसाळीची दुर्मीळ चूक. मुंबईचं गिऱ्हाईक तयार आहे. फक्त आधी नाण्याची नोंदणी, विमा आणि प्रमाणपत्र एवढं करावं लागेल, त्याची रक्कम भरली की महिन्याभरात पैसे खात्यात. रक्कम भरायला सत्यमकडे कुठली रोकड? पण त्यानं वाट काढली होती. दारातली दुभती म्हैस विकायची. गिऱ्हाईक ठरलं होतं, रविवारी संध्याकाळी येऊन घेऊन जाणार होतं.

“तू रविवारी ये ताई. आई पुरण घालणार हाय. तुझा हिस्सा तुला देणार, आबाची आण. मी लई वंगाळ बोललो तुला.”

तनुजा फोन धरून उभीच राहिली. दोन महिने ज्यासाठी जीव तळमळला, ते असं फोनवर हातात आलं होतं. नाव साफ झालं होतं. दार उघडं झालं होतं. तिनं खरं सांगितलं तेव्हा ती चोर ठरली, आणि आता एका भामट्यानं खोटं सांगितलं म्हणून ती साव ठरली होती. तिचा संताप असा उसळला की फोनवर तिला धड बोलता आलं नाही. येते, एवढंच म्हणून तिनं तो ठेवला.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं. “तुझं नाव निघालं ना साफ? मग गप बस. पैसे बुडाले तर त्याचे बुडतील. त्याला त्याच्या कर्मानं कळू दे.”

“म्हैस आईची आहे,” तनुजा म्हणाली.

“आई तुझ्या बाजूनं बोलली होती का?”

हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला नवऱ्याचाही राग आला. गप्प बसणं किती सोपं होतं. जायचं, पुरणपोळी खायची, नाण्याकडे पाहून हो हो म्हणायचं. महिन्याभरानं पैसे बुडाल्यावर सत्यम त्या कोटवाल्याला शिव्या देईल. बहिणीचं नाव त्यात कुठंच येणार नाही. आणि आता तोंड उघडलं तर पुन्हा तेच सुरू. पण घासलेल्या नाण्याला अस्सल म्हणून मिळणारं माहेर तिच्या घशाखाली उतरेना.

रविवारी सकाळी ती सरांच्या दारात गेली आणि म्हणाली, चला. सर कुठं म्हणूनही विचारायला गेले नाहीत. दोन महिने ते तिला पाहून रस्ता बदलत होते. आता त्यांनी मुकाट्यानं टोपी घातली आणि ते तिच्या स्कूटरवर मागं बसले. जालना रोडला लागल्यावर त्यांनी एकदा विचारलं, तुमचा भाऊ फार रागीट आहे का हो? तनुजा म्हणाली, फार. मग सरांनी शेंद्र्यापर्यंत मागचा दांडा घट्ट धरून ठेवला.

सरांना पाहून सत्यमच्या चेहऱ्यावरचं हसू अर्धवटच राहिलं. तरी त्यानं खुर्ची दिली, आणि हात धुवायला पाणी दिलं. आतून पुरणाचा वास येत होता. गोठ्यात म्हैस धुऊन, शिंगांना तेल लावून उभी केली होती. चतुराबाई तिच्यापुढं सरकीची ढेप मिसळत होत्या. लेक आलेली पाहून त्या हात पुसत ओसरीवर आल्या.

“पैसे भरायचे नाहीत,” तनुजा बसायच्या आधीच म्हणाली. “तो माणूस लबाड आहे. सर, सांगा.”

सरांनी घसा साफ केला. “असं आहे की बहुधा हे नाणं...”

“बहुधा नको, सर.”

सर थांबले. मग त्यांनी सत्यमच्या डोळ्यांत पाहिलं, आणि असं पाहायला त्यांना किती जड गेलं ते तनुजाला दिसलं.

“घासलेलं आहे. मला ते पहिल्याच दिवशी, तुम्ही समोर बसला होता तेव्हाच कळलं होतं. मी बोललो नाही. तो दोष माझा, तुमच्या बहिणीचा नाही. तुमचा अंगठा द्या, मी दाखवतो.”

सत्यमनं अंगठा दिला नाही. त्यानं नाणं खिशातून काढून मुठीत घट्ट धरलं. तो एकदा सरांकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला, आणि त्याच्या डोक्यात काय जुळत चाललंय ते तनुजाला तो बोलायच्या आधीच कळलं.

“आत्ता ध्यानात आलं,” तो म्हणाला. “म्हणजे मी नोंदणी करायची नाय. कावून फेकून द्यायचं. आन् मग ह्या म्हाताऱ्यानं ते पाच रुपड्याला उचलायचं, आन् तू वाटा घ्यायचा. वा गं ताई. मी तुला पुरणपोळीला बोलावलं आन् तू सौदा घेऊन आलीस.”

“थोबाड फोडीन सत्या,” तनुजा म्हणाली.

“फोड. पण म्हैस आज जाणार, आन् पैसे उद्या भरणार.”

“तुझ्या बानंच घासलंय ते.”

हे चतुराबाई बोलल्या. इतक्या साध्या आवाजात बोलल्या की सत्यमला ते ऐकू यायला क्षणभर लागला.

त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं साळून, म्हणजे तासून, गुळगुळीत करायची आणि मग त्यांना लाल हिंगूळ लावायचा. त्यांच्याकडं तेव्हा हरण्या नावाचा खोंड होता, लई बुजरा. विळा दिसला, सुरी दिसली की दावं तोडायचा. आबांनी पाचाचं नाणं विहिरीवरच्या दगडावर दोन दिवस घासलं, शिंगाचं टोक बरोबर बसेल एवढी कोर त्याच्या कडेला पाडली, धार आणली. नाणं मुठीत दिसत नाही. बैलाला वाटायचं मालक नुसताच शिंगावरून हात फिरवतोय. शिंग धरायला चतुराबाई स्वतः उभ्या राहायच्या, आणि सत्यम तेव्हा त्यांच्या कडेवर असायचा. पुढं जमीन कारखान्यांना गेली, बैल विकले, आणि नाणं चंचीत राहिलं.

तनुजाला आबा हरण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटताना दिसले. बंद मूठ शिंगावरून वर-खाली होताना दिसली. त्या मुठीत काय असायचं, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

सत्यमनं मूठ उघडली. नाणं त्यानं उन्हाकडं धरलं. मग सरांनी न सांगताच त्यानं अंगठा समोरच्या कडेवरून फिरवला. त्याच्यातली हवाच गेली. त्यानं मोबाइल काढला, अंगणाच्या कोपऱ्यात गेला आणि म्हशीच्या गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून सांगितलं. परत आला तेव्हा त्याला बहिणीकडं बघवेना. “ताई,” तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात घालून त्यानं परत बाहेर काढला.

पण तनुजा त्याच्याकडं पाहतच नव्हती.

“तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती आईला म्हणाली.

“व्हय.”

“ह्यानं मला चोर म्हटलं, तेव्हा तू इथंच बसली होतीस.”

“व्हय.”

“मी विचारलं तुला. बारकं दिसत नाही म्हणालीस. एवढं एक वाक्य होतं, आई. आत्ता बोललीस तेवढंच. संक्रांतीला मी बायकांपुढं काय तोंड करून बसले होते, तुला ठाऊक आहे का? तेव्हा का नाही बोललीस?”

चतुराबाईंनी पदरानं हाताला लागलेली ढेप पुसली. “मला ह्याच्याच घरात दिस काढायचेत,” त्या म्हणाल्या. सत्यम समोर होता, तरी म्हणाल्या. “तो रागाला आला का आठ आठ दिस बोलत नाय. तुझं बरं हाय, तू जातीस निघून.”

“आणि आज? आज नाही तो रागावणार?”

चतुराबाईंची नजर गोठ्याकडे गेली आणि लगेच परत आली.

“म्हशीसाठी,” तनुजा म्हणाली. “म्हशीसाठी तोंड उघडलंस तू. माझ्यासाठी नाही.”

आईनं ते नाकारलं असतं, रडली असती, पदर डोळ्याला लावला असता, तर तनुजाचा राग कदाचित तिथंच ओसरला असता. पण चतुराबाईंना खोटं रडायची सवय नव्हती. दुधाचा भाव सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

“म्हैस गेली असती तर माघारी आली नसती. तू किती बी रागावलीस तरी येतीसच की.”

 आतून सत्यमच्या बायकोनं ताटं वाढल्याचं सांगितलं. सत्यम घाईघाईनं म्हणाला, ताई, दोन घास खाऊन घे, सरांनाबी भूक लागली असंल, आन् हे नाणं तूच घेऊन जा, चंचीत ठेव. त्यानं ते पुढं केलं. तनुजानं हात पुढं केला नाही. तिच्या डोक्यात आईचंच बोलणं घणासारखं आदळत होतं, आणि सगळ्यात जास्त राग तिला याचा येत होता, की पुढच्या पोळ्याला, नाहीतर दिवाळीला, नाहीतर आई आजारी पडली म्हणून फोन आला की त्याच रात्री, आपण इथं येऊ की नाही, याचं उत्तर तिला छातीठोकपणे देता येत नव्हतं.

सर हात धुऊन नळाशी उभे होते. आत जायचं की बाहेर, ते त्यांना कळत नव्हतं.

“चला, सर,” तनुजा म्हणाली.

चतुराबाई फाटकापर्यंत आल्या. त्यांनी हाक मारली नाही, आणि तनुजानं मागं वळून पाहिलं नाही. तिनं गाडीचा स्टार्टर दाबला आणि सर मागं नीट बसले की नाही हे न विचारताच ती निघाली.